‘कपात’ छापताना रकानाही छापा

महोदय,

‘लाडकी बहीण’चे दहा हजार कोटी कापले की जवळपास तीन हजार कोटी वाढवले, यावरून आमच्या तर्री-पोह्याच्या टपरीवरच्या दोन मित्रांचा अबोला आठ दिवस चालला. गंमत अशी, की आकडे दोघांचेही बरोबर होते.

२०२४-२५ साठी योजनेची तरतूद ४६ हजार कोटींची. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात ३३ हजार २३२ कोटी खर्च झाल्याचे सांगून पुढच्या वर्षासाठी ३६ हजार कोटी ठेवले. एक मित्र ३६ ला ४६ शी ताडत होता, दुसरा ३३ शी. पण योजनाच जुलै २०२४ ची! तो खर्च फार तर नऊ महिन्यांचा. त्याच वेगाने बारा महिन्यांना ४४ हजार कोटींच्या वर लागतात. मग ३६ हजारांत भागवायचे ते नावे गाळून की पुरवणी मागणी (वर्षाच्या मध्येच विधिमंडळाकडे मागितलेला जादा पैसा) आणून? हे दोघांपैकी कोणीच विचारले नाही.

मी सरकारी लेखा शाखेत कारकुनी केली. अर्थसंकल्पाच्या पुस्तकात एकेका ओळीत गेल्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, यंदाचा मूळ अंदाज, वर्षाअखेरीस दुरुस्त केलेला सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज असे रकाने असतात. नजर घसरू नये म्हणून आम्ही ओळीखाली फूटपट्टी धरायचो. नेतेमंडळी मात्र नको तो रकाना फूटपट्टीने झाकतात. खुर्ची बदलली की झाकायचा रकानाही बदलतो.

केंद्राच्या रोजगार हमीचे, मनरेगाचेच पाहा. २०२३-२४ ला ६० हजार कोटी ठेवले, तर आधीच्या वर्षाचा सुधारित अंदाज ८९,४०० कोटी होता. म्हणून ओरड झाली. पुढच्या वर्षी ८६ हजार कोटी. मूळ ६० हजारांशी ताडले तर घसघशीत वाढ, पण २०२३-२४ चा सुधारित आकडाही ८६ हजारच, म्हणजे वाढ शून्य. २०२५-२६ ला पुन्हा तेच ८६ हजार. याला कपात म्हणता येत नाही हे खरे, पण मजुरीचा दर वाढला की तेवढ्याच पैशात कामाचे दिवस कमी निघतात, त्याचे काय?

आणि खरी कपात पुस्तकात सापडतच नाही, बरं का. आमच्या कार्यालयात तरतूद पूर्ण असायची, निधी मात्र फेब्रुवारी उलटला तरी अर्धाच हाती यायचा. ३१ मार्चच्या रात्री ट्रेझरीत बिलांचे गठ्ठे मांडीवर घेऊन बसलोय. त्यातली कितीतरी ‘निधी उपलब्ध नाही’ म्हणून परत यायची. कागदावर कपात शून्य!

डिसेंबरात अधिवेशन नागपुरात भरले की पुरवणी मागण्यांचे आकडे तुम्ही मोठ्या टाइपात छापता. त्यांच्या शेजारी मूळ तरतूद आणि तोवर झालेला खर्च, एवढ्या दोन ओळी छापायला जागा निघेल का?

– एक निवृत्त लेखा लिपिक, महाल, नागपूर