गृहमंत्र्यांना खुले पत्र : जे स्वतःहून गुन्हा कबूल करतात त्यांच्याविषयी

माननीय गृहमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

कायदा मोडणारे सगळे सारखेच, असे आपण म्हणता. मला ते पटत नाही, म्हणून हे पत्र.

चोर तोंड लपवतो. सविनय कायदेभंग करणारा आधी कळवून येतो आणि भर दिवसा उभा राहतो. १८ एप्रिल १९१७ रोजी मोतिहारीच्या कोर्टात गांधीजींवर चंपारण सोडण्याचा हुकूम न पाळल्याचा खटला उभा राहिला. सरकारी वकील तयारीनिशी आलेले, आणि आरोपीच सांगू लागला की हो, हुकूम मी मोडला. मॅजिस्ट्रेट गोंधळले, निकाल पुढे ढकलला गेला, शेवटी खटलाच मागे घेतला. ज्यासाठी ते तिथे गेले होते, ती शेतकऱ्यांवर नीळ पिकवण्याची सक्ती करणारी तीनकठिया पद्धत १९१८ मध्ये कायद्याने बंद झाली.

आपण डॉ. आंबेडकरांचा दाखला द्याल. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी सत्याग्रहाचा मार्ग आता सोडायला सांगितले, त्याला अराजकाचे व्याकरण म्हटले. चवदार तळ्याचा सत्याग्रह केलेला माणूस हे बोलतो तेव्हा ते हलक्यात घेता येत नाही, मीही घेत नाही. पण त्यांनी अट घातली होती : संवैधानिक मार्ग खुले असतील तर. ते खुले ठेवायचे काम कोणाचे? निवेदनाची साधी पोचही मिळत नाही, मोर्चाला परवानगी आदल्या रात्री नाकारली जाते, सुनावणीला तारखांवर तारखा पडतात. या मार्गाने माणसाने किती वर्षे चालायचे?

दगड उचलला की सविनय काही उरत नाही. चौरीचौरात जमावाने पोलीस ठाणे जाळल्यावर गांधीजींनी ऐन भरातली चळवळ थांबवली होती. तिथे आपण कठोर व्हा, माझी तक्रार नाही.

पण शांतपणे बसलेल्यांना कायद्यात आहे तेवढीच शिक्षा द्या. ती भोगायच्या तयारीनेच ते येतात. गोऱ्या प्रवाशासाठी बसमधली जागा सोडली नाही म्हणून १९५५ मध्ये अमेरिकेत कृष्णवर्णीय रोझा पार्क्स यांना दहा डॉलर दंड आणि चार डॉलर कोर्टखर्च झाला. वर्षभरात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने बसमधला तो वर्णभेदच घटनाबाह्य ठरवला. शांतपणे कायदा मोडणाऱ्यांना देशद्रोही म्हणू नका, जामिनावाचून महिनोन्महिने कोंडू नका, घरी पोलीस पाठवून म्हाताऱ्या आईवडिलांना घाबरवू नका.

आणि परवानगी नाकारायचीच असेल तर कारण लेखी द्या, वेळेत द्या. म्हणजे कोर्टात तरी जाता येईल.

आपला,
एक नागरिक