घोड्याचा उल्लेख आहे, माणसांचा नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतील ब्रिटिश शोधक-प्रवासी फॉसेट यांच्यावरील लेख मी दोनदा वाचला. पर्सी फॉसेट, त्यांचा मुलगा जॅक आणि जॅकचा मित्र रॅले रिमेल १९२५ मध्ये ‘झेड’ नावाच्या शहराच्या शोधात ब्राझीलमधील माटो ग्रोसोच्या अरण्यात शिरले आणि परतले नाहीत, ही हकिगत लेखकाने मनापासून सांगितली आहे. ज्या तळावरून फॉसेट यांनी २९ मे रोजी अखेरचे पत्र धाडले, त्याला एका मेलेल्या घोड्यावरून नाव पडले होते, हेही त्यांनी आवर्जून नोंदवले आहे. मात्र ज्या कालापालो लोकांच्या गावात हे तिघे उतरले, ज्यांनी त्यांना पूर्वेकडे जाऊ नका असे बजावले आणि पुढे काही दिवस त्यांच्या शेकोटीचा धूर दुरून पाहिला, त्यांचे नाव लेखात एकदाही येत नाही. ते केवळ ‘रानटी टोळ्या’ ठरतात. याचा मला संताप आला.

मी आयुष्यभर भूगोल शिकवला. एका निबंध स्पर्धेत माझ्या नववीतील विद्यार्थिनीने लिहिले होते, की फॉसेट जिथे दिसेनासे झाले त्या शिंगू नदीच्या खोऱ्यातील जुनी नगरे हरवलेली नव्हती, कारण ती बांधणाऱ्यांचे वंशज, कुइकुरो लोक, आजही तेथेच राहतात. परीक्षकांनी त्या वाक्याखाली लाल रेघ ओढून ‘कल्पनाविलास’ असा शेरा लिहिला आणि गुण कापले. मी ‘सायन्स’ नियतकालिकातील २००३ चा शोधनिबंध घेऊन त्यांच्याकडे गेले. १९ मोठ्या वसाहती, त्यांना जोडणारे रुंद, सरळ रस्ते, वर्तुळाकार चौक आणि खोल खंदक यांचे वर्णन त्यात आहे, आणि मानवशास्त्रज्ञ मायकेल हेकेनबर्गर यांच्यासोबत कुइकुरोंचे प्रमुख आफुकाका हे त्याचे सहलेखक आहेत. परीक्षकांनी पहिले पानही न उलटता ‘निकाल लागला आहे’ एवढेच सांगितले. ती मुलगी पुन्हा कोणत्याही स्पर्धेत उतरली नाही. तुमच्या लेखातील ‘शहर अखेर सापडले’ हे वाक्य वाचताना मला तिची ती वही आठवली.

फॉसेट यांच्या धैर्याविषयी मला आदरच आहे. परंतु रिओ द जानेरोच्या राष्ट्रीय ग्रंथालयातील अठराव्या शतकातील एका हस्तलिखितात दगडी कमानी आणि पुतळे असलेल्या ओसाड नगराचे वर्णन आहे, आणि त्यावर त्यांचा विश्वास बसला होता. शिंगूच्या खोऱ्यातील नगरे माती आणि लाकडाची होती. युरोपीयांबरोबर आलेल्या साथींनी वस्ती विरळ झाली आणि त्यांवर झाडी माजली. आजच्या कुइकुरो गावातही घरे मध्यवर्ती चौकाभोवती वर्तुळातच बांधली जातात. ज्याला दगडच हवा होता, त्याला हे शहर दिसणार कसे?

आणखी एक गोष्ट. लेखासोबतच्या नकाशात मोहिमेचा बाण मानौस शहराजवळ, ॲमेझॉनच्या मुख्य प्रवाहावर टेकवला आहे. शिंगू ही दक्षिणेकडून उत्तरेला वाहत जाऊन ॲमेझॉनला मिळणारी नदी असून, फॉसेट दिसेनासे झाले तो प्रदेश तिच्या उगमाकडे, मानौसपासून फार दूर आहे. नकाशाची दुरुस्ती छापाल, तेव्हा तीत कालापालो आणि कुइकुरो ही नावेही द्यावीत, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका