मंत्रीसाहेब, योगा पाहिजेच आहे, पण आधी दुखण्याचं इंजेक्शन

मा. आरोग्यमंत्री साहेब, महाराष्ट्र राज्य,
यांना सप्रेम जयभीम आणि नमस्कार.

साहेब, 19 जूनला जागतिक सिकलसेल दिवस असतो, म्हणजे आमच्या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा, आणि 21 जूनला योग दिवस, मधे फक्त एक दिवस. हे दोन इतके शेजारी शेजारी असल्यामुळे मागे एकदा माझी जी फजिती झाली ती आधी सांगतो म्हणजे पत्र कशाबद्दल आहे ते कळेल.

मी भंडारा जिल्ह्यातला, वय 27, एसएस पॅटर्न, म्हणजे आईकडून आणि बापाकडून, दोघांकडूनही सिकलसेल आलेला. आमच्याकडे सरळ सिकलिंगवाला म्हणतात. तेव्हा क्रायसिस, म्हणजे जोराच्या दुखण्याचा झटका, आला म्हणून भरती होतो, दवाखान्याचं नाव घेत नाही कारण पुढच्या वेळी तिथेच जायचं आहे. सकाळी सकाळी चारपाच लोक बॅनर घेऊन वॉर्डात आले, सोबत फोटोवाला, आणि म्हणे चला सगळ्यांनी अनुलोम विलोम करायचं. माझ्या उजव्या हाताला सलाईन, डावा खांदा दुखण्याने उचलत नव्हता, आता नाक धरू कशाने? एका काकांनी स्वतःचं बोट माझ्या नाकाला लावून दिलं, फोटो निघाला, टाळ्या झाल्या. त्या सगळ्या गडबडीत माझं इंजेक्शन लांबलं ते लांबलंच.

एवढं वाचून वाटेल हा पोरगा योगाच्या विरोधात आहे. उलट आहे हो. मला याचा उपयोग झालाय म्हणूनच लिहितोय.

शाळेत असताना आमच्याकडे तो मित्र उपक्रम आला होता, आनापानवाला. शासनाचाच होता. दहा मिनिटं डोळे मिटून फक्त येणारा जाणारा श्वास बघायचा, आम्ही काय, एकमेकांना चिमटे काढायचो. आता शहरात यालाच माइंडफुलनेस म्हणून फी घेऊन शिकवतात म्हणे. पुढे कधीतरी मेल वॉर्डात रात्री दोन वाजता हीच गोष्ट कामी येईल असं तेव्हा कोणाला माहीत होतं. त्या रात्री इंजेक्शन देऊन झालं होतं पण अजून लागलं नव्हतं, तो मधला अर्धा तास फार वाईट असतो साहेब, आणि आईने कपाळावर हात ठेवून हळूच म्हटलं, शाळेत शिकवलं होतं ना रे बाबू, ते कर. केलं. दुखणं गेलं नाही, पण दुखण्यासोबत जी घबराट असते ना की आता हे थांबणारच नाही, ती जरा खाली बसली.

क्रायसिस म्हणजे काय हे फाइलमधे तुम्ही वाचलं असेल. लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांमधे अडकून बसतात, पुढे ऑक्सिजन जात नाही आणि हाड आतून ठणकायला लागतं. पाणी कमी प्यालं, थंडी लागली, ताप आला, जास्त मेहनत झाली, टेन्शन घेतलं की उठलंच. बरगडीत दुखणं आलं की माणूस श्वास चोरून चोरून घेतो कारण पूर्ण घेतला की कळ जाते, आणि घात तिथेच होतो. फुफ्फुसाच्या खालच्या भागात हवा पोचत नाही आणि अॅक्युट चेस्ट सिंड्रोमचा धोका वाढतो, ज्यात जीव जाऊ शकतो. 1995 मधे अमेरिकेत अभ्यास झालाय, छातीत पाठीत क्रायसिस असलेल्यांना जागेपणी दर दोन तासांनी 10 वेळा यंत्रातून खोल श्वास घ्यायला लावला. 19 क्रायसिसमधे फक्त एकदा फुफ्फुसाची गडबड झाली, ज्यांना यंत्र दिलं नव्हतं त्यांच्या 19 मधे 8 वेळा. ते तीन गोळ्यांचं प्लास्टिकचं यंत्र, ऑपरेशनवाल्यांना देतात तेच. म्हणजे वॉर्डात श्वासाकडे लक्ष द्यायला शिकवणं ही काही हौस नाही.

आता योगाचं. न्यूयॉर्कमधे क्रायसिसने भरती असलेल्या 73 मुलांवर प्रयोग झाला, 2017 मधे छापून आला. पहिल्या एका सेशननंतर योगावाल्या मुलांचं दुखणं बाकीच्यांपेक्षा थोडं जास्त उतरलं, खरंच थोडंच, 10 पैकी एक मार्कसुद्धा नाही. आणि मॉर्फिनसारखी औषधं कमी लागली का, सुट्टी लवकर झाली का, तर नाही, त्यात काही फरक पडला नाही. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण माझी भीती ही आहे की उद्या एखादा जीआर निघेल आणि त्याचा अर्थ खालपर्यंत असा पोचेल की सिकलिंगवाला ओरडतोय ना, त्याला प्राणायाम सांगा. आत्ताच आम्हाला "नाटक करतो", "इंजेक्शनची सवय लागली" हे ऐकावं लागतं. एनडीपीएस, म्हणजे अंमली पदार्थांचा कायदा, 2014 मधे बदलला तो दवाखान्यात मॉर्फिन मिळणं सोपं व्हावं म्हणूनच ना? मला तालुक्याला ते आजवर एकदाही मिळालेलं नाही. दहापैकी किती दुखतंय हे बीपीच्या शेजारी केसपेपरवर लिहिलेलंही मी फार कमी वेळा बघितलंय. तर आधी ते करा, बीपीसारखंच दुखणं मोजा, इंजेक्शन वेळेवर द्या, आणि मग ते लागेपर्यंतच्या अर्ध्या तासात श्वासाचं द्या. क्रम उलटा झाला की सगळं वाया.

आणि योगा म्हणजे सूर्यनमस्कार नाही, हे शिकवणाऱ्यांना कोणीतरी आधी शिकवा. जोरात कपालभाती, श्वास कोंडून धरणं, पहाटेच्या थंडीत सतरंजीवर बसणं, हे आमच्यासाठी क्रायसिसला आमंत्रण आहे. आमच्यातल्या कितीतरी जणांचा खुबा खराब झालेला असतो, रक्त न पोचल्यामुळे. मांडी घालता येत नाही. सुखासनात आम्हाला काडीचं सुख नाही. जे करायचं ते पलंगावरच, गुडघ्याखाली उशी देऊन, अंगावर चादर, बाजूला पाण्याची बाटली. आणि हो, ते शवासन नाव बदला बरं. वॉर्डात शव म्हटलं की माझी आई उठून उभी राहते.

माणसं कुठून आणायची म्हणाल तर एक सिस्टर आणि अख्खा वॉर्ड, तिच्यावर हे टाकू नका. आयुष्मान आरोग्य मंदिरात, म्हणजे सरकारी आरोग्य केंद्रात, योगाचे वर्ग घ्यायचे हे कागदावर आहेच, तिथल्या शिकवणाऱ्यांना सिकलसेलच्या डॉक्टरांसोबत दोन दिवस बसवा. लोणावळ्याला कैवल्यधाम 1924 पासून योगाचा शास्त्रीय अभ्यास करतंय, नागपूरला जनार्दन स्वामी योगाभ्यासी मंडळ आहे, त्यांच्याकडून पलंगावरचा पंधरा मिनिटांचा कार्यक्रम लिहून घ्या. मग तो रेकॉर्ड करा, वऱ्हाडीत, गोंडीत, माडियात, पावरीत, कोरकूत. गडचिरोलीच्या आजीला प्रमाण मराठीत "आपल्या श्वासाचे अवलोकन करा" म्हटलं तर ती तुमच्याकडेच अवलोकन करत बसेल.

1 जुलै 2023 ला मध्य प्रदेशात शहडोलला सिकलसेलचं राष्ट्रीय मिशन सुरू झालं, 7 कोटी लोकांची तपासणी, 2047 पर्यंत सिकलसेल संपवायचा. चांगलं आहे, तपासणी व्हायलाच पाहिजे, नागपुरातून तर 1958 मधेच डॉक्टरांनी आमच्या भागातला सिकलसेल छापून जगाला सांगितला होता. पण 2047 ला मी पन्नाशीच्या जवळ असेन. तोपर्यंत दर पावसाळ्यात, दर थंडीत मी कुठल्या ना कुठल्या वॉर्डात असणार आहे.

येत्या 20 जूनला या ना साहेब, त्या मधल्या दिवशी. संध्याकाळी राउंड झाल्यावर, बॅनर फोटो काही नको. पलंगाजवळ स्टूल ओढून बसा आणि पेशंटला विचारा, दहापैकी किती?

आपला,
एक सिकलिंगवाला, भंडारा