एल्ब्रुसच्या बातमीत वाटही छापा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

ऑगस्ट आला की रशियातल्या एल्ब्रुसवर, म्हणजे कॉकेशस पर्वतरांगेतल्या सर्वोच्च शिखरावर, तिरंगा फडकवल्याच्या बातम्या आपल्या वृत्तपत्रांत येतात. त्यात शिखराची उंची असते, छायाचित्र असतं, पण चढाई कुठल्या वाटेने आणि किती उंचीपासून पायी झाली, हे बहुधा नसतं. मी मुलांना गिर्यारोहण शिकवतो. कात्रणं घेऊन ती विचारतात, "सर, दक्षिणेकडून सोपं आहे ना?" म्हणून हे पत्र.

दक्षिणेकडे अझाऊपासून रोपवे आहे. 2,350 मीटरवर बसायचं आणि सुमारे 3,850 मीटरवर गाराबाशीला उतरायचं, म्हणजे जवळपास अख्ख्या कळसुबाईएवढी उंची बसल्या बसल्या. तिथून पुढेही रात्राक नावाची बर्फावरची गाडी पैसे मोजले की पास्तुखोव्ह खडकांपर्यंत, कधी त्याच्याही वर नेते. पाय वाचतात, पण विरळ हवेची सवय शरीराला त्याच्या वेळेनेच होते. शिखरावर, 5,642 मीटरवर, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्माच उरतो. गाडीने उंची गाठलेल्या माणसाचं डोकं सॅडलवर, म्हणजे पूर्व आणि पश्चिम शिखरांमधल्या खिंडीत, ठणकायला लागतं, तेव्हा खाली जाणारी सगळी वाट त्याला परकी असते. ती तो चढून आलेलाच नसतो.

आणि एल्ब्रुसवर उतरणंच अवघड. सह्याद्रीत धुकं आलं तर धार धरून राहता येतं, नाळ सापडली की ती खाली नेते. एल्ब्रुस हा बर्फाने झाकलेला ज्वालामुखी आहे. त्याचे उतार घुमटासारखे गोल आहेत. व्हाइटआउटमध्ये, म्हणजे धुकं आणि बर्फ एकाच पांढऱ्यात मिसळतात तेव्हा, चारही दिशा सारख्याच दिसतात. खुणेच्या काठ्यांची रांग सुटली की थोडंसं बाजूला सरकलेला माणूस हिमभेगांच्या पट्ट्यात जातो. सप्टेंबर 2021 मध्ये वादळात सापडलेल्या 19 जणांच्या गटातले पाच जण दगावले, तेही दक्षिणेच्या या 'सोप्या' बाजूला.

उत्तरेची वाट वेगळी आहे. 1829 मध्ये रशियन मोहिमेचा स्थानिक वाटाड्या किल्लार खाशिरोव्ह पूर्व शिखरावर पोहोचला तो याच बाजूने. त्या मोहिमेचे प्रमुख जनरल इमॅन्युएल यांचं नाव पायथ्याच्या कुरणाला आजही आहे. तिथे रोपवे नाही. साधारण 2,500 मीटरवरून ओझं वाहत 3,700 च्या कॅम्पपर्यंत फेऱ्या माराव्या लागतात, त्यामुळे सवय आपोआप होते. मात्र हिमनदीवर दोर बांधूनच चालावं लागतं, शिखराचा दिवस फार लांबतो, आणि वरच्या उतारावरच्या लेन्झ खडकांपाशी कुणी कोसळलं तर मदत लवकर येत नाही. ज्यांनी भेगेतून साथीदाराला ओढून काढायचा सराव केलेला नाही, त्यांना मी उत्तरेला पाठवणार नाही.

उत्तरकाशी-मनालीच्या गिर्यारोहण संस्थांचा बेसिक कोर्स केलेल्यांना मी दक्षिणच सुचवतो, पण पायी. हवं तर रोपवेने गाराबाशी गाठा, तिथून मुक्काम धरून आधी पास्तुखोव्हपर्यंत चढून परत या. शिखराच्या रात्रीही रात्राक नको. आपला ट्रॅक जीपीएसवर स्वतः नोंदवा आणि उतरताना तोच वापरा, कारण गाइड एक आणि माणसं दहा असली तर धुक्यात तो प्रत्येकाजवळ नसतो. हे सगळं आयोजकाच्या कार्यक्रमपत्रिकेत बसत नसेल, तर आयोजक बदला.

15 ऑगस्टचं मात्र मनापासून सांगायचं आहे. झेंडा शिखरावर न्यावा, अभिमानाने न्यावा. पण तारीख आधी ठरते, मग हाताशी राखीव दिवस उरत नाहीत, मग रात्राक घ्यावीच लागते. वाटेची निवड इथेच, घरी बसून, चुकते. हवा मिळाली तर 13 ला चढा, नाही तर 17 ला.

आपल्याला विनंती एवढीच. बातमीत एक ओळ वाढवा: कुठली बाजू, कुठल्या उंचीपासून पायी. आणि हवा बिघडलेली पाहून जो गट सॅडलवरून मागे फिरला असेल, त्यांचंही छायाचित्र नावानिशी छापा.

आपला,
एक गिर्यारोहण प्रशिक्षक, नाशिक