सूचना : शीघ्र हस्तक्षेप केंद्रात तपासणीला जाण्यापूर्वी

सर्व पालक सभासदांना,

आईने गरोदरपणात घेतलेल्या दारूमुळे होणारा विकार (फीटल अल्कोहोल स्पेक्ट्रम डिसऑर्डर) असलेल्या मुलांना शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे मुलांच्या वाढ-विकासातल्या अडचणी तपासणाऱ्या सरकारी केंद्रात, नेताना माता-बाल संरक्षण कार्ड, जन्माच्या वेळचं वजन आणि डोक्याचा घेर, कान-डोळे तपासणीचे रिपोर्ट व शाळेची प्रगतिपुस्तकं सोबत घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली १८ वर्षांपर्यंत ही तपासणी मोफत आहे.

चेहऱ्याचा फोटो समोरून, ओठ मिटलेले, मूल हसत नसताना काढा. हसलं की वरचा ओठ पातळ दिसतो, नाकाखालची खाच सपाट होते आणि निदान चुकतं. पातळ ओठ आणि सपाट खाच या विकाराच्या खुणा आहेत; त्यांसोबत डोळ्यांच्या फटीची लांबीही मोजतात.

गरोदरपणात किती महिन्यांपर्यंत, कोणती आणि साधारण किती दारू घेतली, हे आईनेच शांतपणे लिहून द्यावं. सासरच्यांसमोर विचारलं तर खरं उत्तर मिळत नाही, आणि त्यात तिचा दोष नाही. दत्तक मुलाची ही माहिती नसली तरी चेहऱ्याच्या तिन्ही खुणा असतील तर निदान होऊ शकतं.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत हा विकार वेगळा नाही. त्यामुळे दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र बौद्धिक किंवा अध्ययन अक्षमतेखाली मागावं लागतं. बुद्ध्यांक ७० च्या वर आला म्हणून नकार मिळण्याची शक्यता असते, तेव्हा रोजच्या व्यवहारकौशल्यांची चाचणीही आग्रहाने करून घ्या.

घरी एका वेळी एकच सूचना द्या, तीही छोटी. ‘दप्तर ठेव, हात धू, जेवायला ये’ यातलं पहिलंच लक्षात राहतं. मार देऊन स्मरणशक्ती सुधारत नाही.