व्यवसायोपचार बंद दाराआड नको

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या नऊ वर्षांच्या नातवाला डाऊन सिंड्रोम आहे आणि गेली चार वर्षे आम्ही त्याला आठवड्यातून दोनदा व्यवसायोपचारासाठी नेतो. शेजारपाजारी हा शब्द उच्चारला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "म्हणजे मेणबत्त्या आणि पाकिटे करायला शिकवतात का?" यात विचारणाऱ्यांचा दोष नाही, कारण व्यवसाय म्हटले की आपल्याला धंदाच आठवतो. या उपचारात मात्र व्यवसाय म्हणजे माणूस सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत जे जे करतो ते सारे. आणि मुलाच्या बाबतीत दात घासणे, आंघोळ, शौचाला जाऊन स्वच्छ होणे, घास तोंडापर्यंत नेणे, खेळणे, पेन्सिल धरणे हाच त्याचा व्यवसाय होय. बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता (ऑटिझम) किंवा सेरेब्रल पाल्सी (मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर पुरेसा ताबा नसणे) असलेल्या मुलाला ही कामे जमतील अशा पायऱ्यांत फोडून शिकवणे, आणि त्यासाठी लागणारे स्नायूंचे बळ, तोल व स्पर्शाची समज वाढवणे, हे व्यवसायोपचारतज्ज्ञाचे काम आहे. आशियातील पहिली व्यवसायोपचार शाळा मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५० साली सुरू झाली आणि ती सुरू करणाऱ्या कमला निंबकर या जन्माने अमेरिकन असल्या तरी एका मराठी घरच्या सूनबाई होत्या. इतक्या जुन्या आणि आपल्या इतक्या जवळच्या विद्येची ओळख आपल्याच घरांना नसावी, याचे मला मनापासून वाईट वाटते.

पत्र लिहिण्याचे कारण मात्र वेगळे आहे. पहिली दीड वर्षे आम्ही शहरातील एका खासगी केंद्रात जात होतो. मुलाला दारापाशी सोडायचे, पंचेचाळीस मिनिटांनी परत घ्यायचे, आणि आत काय चालते असे विचारले तर "पालक समोर असले की मूल काम करीत नाही" एवढेच उत्तर मिळे. काही मुलांच्या बाबतीत ते खरेही असेल. पण त्याचा परिणाम असा झाला की नातू केंद्रात बटण लावायला शिकत होता आणि घरी सकाळी पावणेसातला शाळेची रिक्षा यायची म्हणून मीच त्याच्या सदऱ्याची पाचही बटणे भराभर लावून देत होते. माया होती, घाईही होती, आणि दोन्हींच्या भरात मी त्याच्या हातातले काम रोज काढून घेत होते, हे मला दीड वर्ष कोणी सांगितले नाही.

आता ज्या ताई त्याला शिकवतात त्यांनी पहिल्याच दिवशी मला आत बसवले. सदऱ्याचे एक बटण त्यांनी स्वतः काजातून अर्धे बाहेर काढले आणि उरलेले ओढायचे काम तेवढे नातवाकडे दिले. काम पूर्ण होण्याचा क्षण मुलाच्या हातून घडला पाहिजे, म्हणून शेवटची पायरी आधी शिकवायची आणि मग एकेक पायरी मागे सरकायचे, अशी ही पद्धत आहे. घरी मी एका जुन्या उशीच्या अभ्र्यावर कोटाची मोठी बटणे शिवून दिली, त्यांवर हात बसल्यावर मग सदरा घेतला. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांचे स्नायू मुळातच सैल असतात. खुर्चीवर बसून त्याचे पाय लोंबकळत राहिले तर सगळी शक्ती अंग सावरण्यात जाते आणि बोटांसाठी काही उरत नाही, हे ताईंनी समजावले तेव्हा आम्ही देवघरातला पाट त्याच्या पायांखाली दिला. त्या एका पाटाने जेवताना होणारी सांडलवंड निम्मी झाली. कणीक मळणे, मटार सोलणे, ओला पंचा पिळणे, कपड्यांना चिमटे लावणे ही आमच्या घरची रोजची कामे त्याच्या बोटांसाठी आणि मनगटासाठी नेमकी उपयोगाची निघाली. रांगोळी तो पूर्वी मुठीने फेकायचा. या दिवाळीत त्याने अंगठा आणि दोन बोटे जुळवून चिमूट धरली आणि उंबऱ्याशी वीतभर लांबीची, वाकडी पण सलग रेघ ओढली. पेन्सिल धरायलाही हीच तीन बोटे लागतात.

बडोद्यातील मराठी घरांपुढे आणखी एक अडचण असते, ती भाषेची. केंद्रात सूचना गुजरातीत, घरी बोलणे मराठीत, शाळेत इंग्रजी. तिथे "खेंच" म्हणायचे, घरी "ओढ", तिथे गाज, आमच्याकडे काज. आधीच सूचना समजायला वेळ लागणाऱ्या मुलाने कुठला शब्द धरावा? पहिल्या केंद्राने आम्हाला घरी मराठी बोलणे बंद करा असे सांगितले होते आणि माझ्या सुनेने तीन महिने तसे करूनही पाहिले. आजोबांशी, काकांशी, माझ्याशी तो बोलेनासा झाला, याखेरीज त्यातून काही निघाले नाही. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांची वाढ दोन भाषा कानांवर पडल्यामुळे खुंटते असे संशोधनात दिसलेले नाही, हे आम्हाला फार उशिरा कळले. आताच्या ताई गुजरातीच आहेत, पण त्यांनी आमच्या घरातले वीस-पंचवीस शब्द वहीत लिहून घेतले आणि ओढ, ढकल, थांब, घडी घाल या प्रत्येक शब्दाला एकच हाताची खूण ठरवून दिली. ती खूण दोन्हीकडे सारखीच चालते.

घरच्यांनी करावे म्हणजे तज्ज्ञ नको, असा अर्थ कृपया कोणी घेऊ नये. मोबाइलवरच्या चित्रफिती पाहून मुलाला कोलांट्या मारायला लावणारे पालक मी पाहिले आहेत. डाऊन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेचे वरचे दोन मणके सैल असतात आणि डॉक्टरांना न विचारता करवलेली कोलांटी त्यांना कायमची इजा करू शकते. कोणत्या मुलाला झोका द्यायचा, किती वेळ द्यायचा, कोणाला त्याची भीती वाटते, हे ठरवायला प्रशिक्षित माणूसच हवा. म्हणून माझी मागणी एवढीच आहे की प्रत्येक सत्राची शेवटची दहा मिनिटे घरच्या एका व्यक्तीला आत बसवून त्या आठवड्यात घरी काय करायचे ते प्रत्यक्ष करून दाखवावे. यासाठी नवे यंत्र लागत नाही, जागा लागत नाही. आणि आपण पालकांनी, विशेषतः माझ्या वयाच्या आज्यांनी, मुलाला सदरा घालायला अकरा मिनिटे लागत असतील तर अकरा मिनिटे आधी उठवावे.

खर्चाचा प्रश्न आहेच. केंद्र सरकारने दिव्यांगांसाठी स्थापलेल्या राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व व बहुविकलांगता असलेल्यांना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विम्याचे संरक्षण मिळते आणि त्यात अशा उपचारांच्या खर्चाचाही अंतर्भाव आहे. आमच्या ओळखीच्या कित्येक घरांना याची माहिती नव्हती. पण विम्याने पैसे मिळतात, तज्ज्ञ मिळत नाही. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते व विकासात मागे असलेल्या मुलांना जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते. तिथे आठवड्यातून ठरलेल्या दिवशी व्यवसायोपचार मिळाला नाही, तर तपासणीचा कागद घेऊन पालकांनी जायचे कुठे? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने चाळीस टक्के वा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. जे बडोदे संस्थान १९०६ सालीच सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा करून बसले होते, तिथल्या आम्हा लोकांना त्या हक्काचे मोल वेगळे सांगायला नको. मात्र जे मूल बाकावर अर्धा तास स्थिर बसू शकत नाही किंवा ज्याला शौचाला एकट्याने जाता येत नाही, त्याला शाळा दुसऱ्याच आठवड्यात घरी पाठवते, आणि कायद्याचा हक्क कागदावर राहतो. आमच्या बाबतीत एका शाळेने हेच केले होते.

आपल्या वृत्तपत्राला माझी विनंती आहे की शहरातील आणि जिल्ह्यातील कोणत्या शासकीय रुग्णालयात व्यवसायोपचारतज्ज्ञ आहेत, ते कोणत्या वारी, किती वाजता बसतात आणि कुठल्या जागा रिकाम्या आहेत, याची चौकशी करून ती माहिती ठळकपणे छापावी. रिकाम्या जागांची यादी छापून आली तर आम्ही पालक ती घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयात जायला तयार आहोत.

आपली,
एक वाचक आजी
बडोदे