शेत गहाण टाकण्याआधी

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "पोराला १४८ पडले होते, यादीत १४१ कसे झाले? सात मार्क कुणी खाल्ले? शेत गहाण टाकतो, पण हायकोर्टात जायचंच." तेव्हापासून मन लागत नाही. शेताला हात लावू नका. हे पत्र आधी पुरतं वाचा, आईलाही वाचून दाखवा.

आपल्या संदीपची भरतीची परीक्षा अनेक सत्रांत झाली आणि दर सत्राचा पेपर वेगळा होता. समजा सकाळची सरासरी १२० आली आणि दुपारची ९६, तर दुपारचा पेपर अवघड होता असं धरतात. दुपारच्यांचे गुण वर जातात, सकाळच्यांचे खाली येतात. हेच नॉर्मलायझेशन. २०२३ च्या तलाठी भरतीत ५७ सत्रं होती आणि २०० पैकी २१४ गुण बघून केवढा गदारोळ झाला, आठवतं ना? सरकारने तेव्हा हेच कारण दिलं होतं. ऐकायला विचित्र वाटतं, पण नुसत्या आकड्यावरून पैसे खाल्ले असं सिद्ध होत नाही.

मात्र या सूत्राच्या पोटात एक गृहीत आहे: सगळ्या सत्रांतली मुलं सारख्याच तयारीची. मुलं सरमिसळ करून वाटली असतील तर ते चालतं. पण एखाद्या सत्रात पुण्यात वर्षानुवर्षं अभ्यासिकेत बसलेलीच मुलं जास्त आली, तर सरासरी त्यांच्या मेहनतीने वाढते. सूत्राला वाटतं पेपर सोपा होता, आणि ते त्यांचेच गुण कापतं. संदीपचं सत्र तसं होतं का, हे कुणीच सांगत नाही. मला राग त्याचा येतो.

या गृहीतावर सुप्रीम कोर्टाने बोट ठेवलेलं आहे. उत्तर प्रदेशात दिवाणी न्यायाधीशांच्या २००३ च्या परीक्षेत सगळ्यांना तेच पेपर होते, फक्त तपासणारे बरेच होते. तरी तिथल्या आयोगाने स्केलिंग लावलं, म्हणजे सूत्राने गुण वर-खाली केले. संजय सिंह खटल्यात जानेवारी २००७ मध्ये कोर्ट म्हणालं, पेपर एकच असेल तर हे चालणार नाही. तपासनीस कडक-सैल असतील तर त्यांच्या तपासणीत मॉडरेशनने एकवाक्यता आणा. पण बाबा, निवड होऊन गेलेल्यांना त्या निकालाने हलवलं नाही. शिवाय आपले पेपर वेगवेगळे होते, म्हणून तो निकाल जसाच्या तसा लागू होत नाही. त्यातला गृहीताचा मुद्दा तेवढा आपल्या कामाचा.

अडचणीही सांगते. प्रक्रिया सुरू झाल्यावर नियम बदलता येत नाहीत, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा सांगितलं. पण आपल्या जाहिरातीत नॉर्मलायझेशनचं कलम पहिल्यापासून आहे, मी वाचलं. ते मान्य करून परीक्षा दिली आणि निकाल विरोधात गेल्यावर भांडायला आलात, असं समोरचा वकील पहिल्याच तारखेला म्हणेल. निवड झालेल्या मुलांनाही प्रतिवादी करावं लागेल. तीही कुणाच्या तरी घरची आशा आहेत, आई. आणि राज्य सरकारच्या भरतीचा वाद आधी मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात जातो, थेट हायकोर्टात नाही. तिथला खर्च मी बघेन.

त्याआधी माहिती अधिकारात विचारू: सत्रं कशी वाटली, दर सत्रात किती जण बसले, सरासरी किती आली. संदीपची स्वतःची उत्तरपत्रिका बघायचा हक्कही त्याला आहे, २०११ पासून. वाटप जिल्ह्यांनुसार केलेलं निघालं तर मी स्वतः मॅटमध्ये उभी राहीन, आणि जोर लावून उभी राहीन. सरमिसळ नीट निघाली तर संदीपला तसं स्पष्ट सांगू आणि तो पुढच्या जाहिरातीच्या तयारीला लागेल.

मॅटला मुदत साधारण वर्षाची असते, म्हणून उगाच दिवस घालवू नका. संदीपला म्हणावं, हॉलतिकीट, जाहिरात आणि दोन्ही गुण दिसणारं पान, तिन्हींचे फोटो मला पाठव. अर्ज मी लिहून धाडते, त्याने सही करून पोस्टात टाकायचा, पावती जपून ठेवायची.

आई, गुडघ्याची गोळी चुकवू नकोस.

तुमची,
मनीषा